घरातील ऑटोमेशनला पत्नीचा विरोध असेल तर सुरुवात कोठून करावी

तुमचा प्रश्न मी असा समजतो. जुळे सोलापुरात तुमचे स्वतःचे रो-हाऊस आहे आणि घरात तुम्ही, पत्नी, शाळेत जाणारी मुलगी व सत्तरी ओलांडलेल्या आई असे चौघे राहता. हॉल, पॅसेज आणि बेडरूममध्ये तुम्ही वाय-फायचे बल्ब बसवले, आवाजावर चालणारा एक स्पीकर आणला, आणि आता स्वयंपाकघराचा बोर्ड, मुख्य दाराचे डिजिटल कुलूप व हॉलमध्ये कॅमेरा असा तुमचा पुढचा बेत आहे. वहिनींचे म्हणणे, "भिंतीवर बटण असताना फोन कशाला हवा?" यापुढे असली एकही वस्तू घरात येणार नाही असे त्यांनी बजावले आहे, आणि त्यांची समजूत कशी घालावी हे तुम्ही विचारत आहात.

मी सोलापुरात घरांच्या वायरिंगची कामे करतो आणि अलीकडे त्यातला बराच भाग ऑटोमेशनचा असतो. तुमच्यासारखा प्रश्न मला बहुतेक घरांत ऐकू येतो, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्टच लिहितो की, तुम्ही सांगितलेल्या हकिकतीत समजूत घालण्याजोगे वहिनींच्या बाजूला फारसे काही दिसत नाही. तुमच्याच लिहिण्याप्रमाणे एकदा मध्यरात्री गेलेली वीज परत आली आणि बेडरूममधील सगळे बल्ब पूर्ण प्रकाशात लागले, मुलगी दचकून उठली. दुसऱ्यांदा इंटरनेट बंद होते आणि आईंना बाथरूमकडे जाताना पॅसेजचा दिवा लावता आला नाही, कारण बल्बला वीज सतत मिळावी म्हणून तुम्ही त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. या दोन्ही प्रसंगांत घरातल्या माणसांनी काहीही चुकीचे केलेले नाही. आजवर दिवा लावण्याचा अधिकार भिंतीवर होता आणि तो आईंपासून मुलीपर्यंत सर्वांना सारखा होता. तो उचलून तुमच्या फोनमध्ये नेला गेला, आणि वहिनींचा विरोध या हलवाहलवीला आहे. तंत्रज्ञानाचा त्यांना तिटकारा असता तर वॉशिंग मशीन आणि मिक्सर त्यांनी कधीच घराबाहेर काढले असते.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. घर भाड्याचे असते तर मी बोर्डाला हात लावू नका असेच सांगितले असते. जुन्या पेठांतील जाड दगडी भिंतींच्या घरांत वाय-फाय एका खोलीतून दुसरीत नीट पोहोचत नाही आणि तिथे झिगबीसारखी, एका उपकरणाने दुसऱ्याला संदेश पुढे देणारी पद्धत बरी पडते. दिवसभर घरात कोण असते, इन्व्हर्टरवर कोणते पॉइंट आहेत, अर्थिंग धड आहे का, यावरही उत्तर बदलते. शिवाय विरोध नेहमी पत्नीचाच असतो असेही नाही. नोकरी करणाऱ्या एका शिक्षिकेने माझ्याकडून गिझर आपोआप बंद होण्याची सोय करून घेतली, कारण शाळेत पोहोचल्यावर "गिझर चालूच राहिला का?" ही धास्ती त्यांना रोज छळत असे, त्या घरात "हे कशाला हवे" म्हणणारे यजमान होते. त्यामुळे खाली जे लिहितो ते, ज्याला हौस आहे त्याने ज्याला नाही त्याच्याशी कसे वागावे, अशा अर्थाने वाचावे.

पहिले काम म्हणजे नवे काही आणण्याआधी जुने दुरुस्त करणे. स्मार्ट बल्बची मूळ अडचण अशी आहे की भिंतीवरचे बटण बंद केले की तो बल्ब स्मार्ट राहत नाही आणि बटण चालू ठेवले तर बटणाचा उपयोग राहत नाही. म्हणून घरातल्या नेहमीच्या दिव्यांसाठी साधे एलईडी बल्ब परत लावा आणि बोर्डाच्या मागे छोटे रिले मॉड्यूल, म्हणजे फोनवरून किंवा बटणावरून चालू-बंद होणारा विजेचा स्विच, बसवून घ्या. त्यात बटण जसेच्या तसे राहते, दाबले की दिवा लागतो आणि दाबले की बंद होतो, इंटरनेट असो वा नसो. फोनची सोय त्याच्यावर जादा असते. या मॉड्यूलला बहुधा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर लागते; आपल्याकडे ज्या बोर्डात पाच पिनांचा सॉकेट आहे तिथे ती बहुधा मिळतेच, त्यामुळे ही अडचण वाटते तेवढी मोठी नसते. मात्र भिंतीतला डबा लोखंडी आणि उथळ असेल तर आत जागा कमी पडते आणि वाय-फायही अडते. अशा वेळी डबा बदलण्याचा खर्च आधीच धरून ठेवावा.

त्याच बैठकीत प्रत्येक उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन वीज परत आल्यावर काय व्हावे ते ठरवून टाका. बहुतेक उपकरणांत यासाठी तीन पर्याय मिळतात: चालू, बंद, किंवा वीज जाण्यापूर्वी जसे होते तसे. बेडरूमचे दिवे "बंद", पंखे "आधीप्रमाणे", आणि गिझर व मोटर कोणत्याही परिस्थितीत "बंद" असे मी ठेवतो. तुमच्या मुलीची झोप मोडली ती कारखान्यातून "चालू" म्हणून आलेल्या याच सेटिंगमुळे. राउटर आणि हब (उपकरणांना एकत्र जोडणारी पेटी) इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या, कारण राउटर पुन्हा उभा राहून उपकरणे जोडली जाईपर्यंत काही मिनिटे जातात, आणि नेमक्या त्याच मिनिटांत कोणीतरी दिवा लावायला जाते.

ही दुरुस्ती झाली की माझ्या कामातली एक कसोटी लावून पाहा. गड्ड्याच्या यात्रेसाठी जानेवारीत घरी पाहुणे येतातच. रात्री उठलेल्या पाहुण्या आत्याबाईंना कोणालाही न विचारता बाथरूमचा दिवा लावता आला पाहिजे. लावता आला नाही, तर दोष आत्याबाईंचा नसून मांडणीचा आहे आणि ती बदलावी लागते. यावर ग्राहक माझ्याशी वाद घालतात, "चार दिवसांत सवय होईल" म्हणतात; पण सवय लावून घेण्याची जबाबदारी ज्याने यंत्र आणले त्याने इतरांवर टाकू नये असे माझे ठाम मत आहे.

आता स्वयंपाकघर. तिथे बोर्ड बदलण्याचा तुमचा बेत सध्या बाजूला ठेवा, आणि काचेचे टच पॅनेल तर तिथे आणूच नका. वहिनी भाकरी थापत असताना एकदा नुसते बघत उभे राहा. दोन्ही हातांना बोटांपासून मनगटापर्यंत पीठ असते, तवा तापलेला असतो, धूर दाटला की त्या वळून कोपराने एक्झॉस्टचे बटण खाली दाबतात आणि नजर तव्यावरून हलतही नाही. हे बटण उंचवट्याचे आहे, त्याला दाब कळतो, म्हणून हे जमते. काचेच्या पॅनेलला उघड्या बोटाचा स्पर्श लागतो. पदराआडून लागलेला कोपर त्याला बहुधा कळत नाही, आणि ओल्या हाताने भलताच दिवा लागतो. फोन उघडण्याचा तर प्रश्नच येत नाही. तिथे आवाजाचा उपयोग होऊ शकेल असे तुम्हाला वाटेल, आणि कधी कधी होतोही, परंतु हे स्पीकर हिंदी आणि इंग्रजीत सांगितलेले ऐकतात. आपल्या सोलापुरात अनेक घरांत एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि कानडी नांदते, आणि त्यात कुकरची शिट्टी व एक्झॉस्टची घरघर मिसळली की तीच आज्ञा तीनदा ओरडून द्यावी लागते. तेवढ्यात कोपराचे काम कधीच झालेले असते.

मग ऑटोमेशनने वहिनींना द्यायचे तरी काय? हे तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा, आणि "तुला काय स्मार्ट करून हवे" असे न विचारता "घरातले कोणते काम तुला रात्री उठवते किंवा हातातले टाकून पळायला लावते" असे विचारा. सोलापुरात या प्रश्नाला मला जवळजवळ ठरलेले एकच उत्तर मिळते, ते म्हणजे पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि वेळ सांगून येत नाही. हौद भरतो आहे का ते बघायचे, मग मोटर लावायची, वरची टाकी भरली की धावत जाऊन बंद करायची, आणि विसरले तर शेजारच्या काकूंची "अहो, टाकी वाहतेय!" अशी हाक ऐकायची. हे सगळे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला आलेले असते, आणि ती व्यक्ती हौसेने बल्ब विकत आणणारी नसते.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर कुलूप आणि कॅमेऱ्याचे पैसे तूर्त मोटरकडे वळवले असते. काम असे करावे. वरच्या टाकीत चुंबकीय फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर हलणाऱ्या तरंगत्याने चालू-बंद होणारे) दोन, एक वरच्या पातळीला आणि एक खालच्या. हौदात तळाशी आणखी एक, म्हणजे हौद रिकामा असताना मोटर कोरडी फिरणार नाही. स्वस्तात मिळणारे धातूच्या काड्यांचे सेन्सर मी टाळतो, कारण बोअरचे पाणी असेल तर काड्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि टाकी भरली तरी त्यांना पत्ता लागत नाही. वरून ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे सेन्सर चांगले, पण झाकणाखाली वाफ धरली की आकडे भरकटतात. मोटरची जोडणी तर कोणत्याही छोट्या रिलेवर किंवा स्मार्ट प्लगवर थेट करू नका. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट हे खरे असले तरी सुरू होतानाचा करंट चालू मोटरच्या कितीतरी पट असतो. त्याने रिलेचे संपर्क चिकटतात आणि मग फोनवर "बंद" दिसत असताना मोटर मात्र चालूच राहते. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा स्विच, चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. शेजारी "ऑटो–मॅन्युअल" असा साधा फिरवायचा स्विच हवाच, म्हणजे सगळे बंद पडले तरी मोटर पूर्वीसारखी हाताने लावता येते.

नळाला पाणी आल्याची वर्दी देणारी घंटा हवी असेल तर पाइपवर प्रवाह ओळखणारा छोटा सेन्सर बसतो. यात एक स्थानिक खोच आहे. पाण्याच्या आधी पाइपातून बराच वेळ हवा फुसफुसत येते आणि तिनेही आतली चक्री फिरते, त्यामुळे पाणी नसतानाच घंटा वाजते आणि मध्यरात्री उठलेल्या माणसाचा त्या यंत्रावरचा विश्वास तिथेच संपतो. प्रवाह सलग दोन-तीन मिनिटे टिकला तरच घंटा वाजवावी अशी अट घातली की हा घोळ मिटतो. आणि हौदाच्या तोंडाशी यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर उठायचीही गरज नाही. घंटा फक्त दिवसा वाजू द्यावी.

हे काम पूर्ण झाले की त्याचा ताबा वहिनींकडे द्या. म्हणजे ॲप त्यांच्या फोनवर, त्यांच्या स्वतःच्या खात्याने आणि पूर्ण अधिकारांसह. घंटा कधी वाजावी, टाकी किती भरावी हे त्यांनी ठरवायचे. तुमच्या खात्यातून त्यांना "पाहुणा" म्हणून मिळालेला प्रवेश पुरेसा नाही. ज्या घरांत पत्नीने एक तरी सोय स्वतः बदलून घेतली, तिथे पुढची मागणी तिच्याकडून आलेली मी पाहिली आहे, आणि ती बऱ्याचदा अगदी साधी असते: तिन्हीसांजेला अंगणातला आणि तुळशीपाशी असलेला दिवा आपोआप लागावा. तिथे घड्याळाची ठरलेली वेळ लावू नका. सोलापुरात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, तेव्हा सूर्यास्तावर चालणारे सेटिंग निवडा.

वीजबिलाचा मुद्दा पुढे करून वहिनींना राजी करण्याचा विचार तुमच्या लिहिण्यात डोकावतो आहे. तो सोडून द्या, कारण हिशेब त्यांच्या लगेच लक्षात येईल. नऊ वॉटचा एलईडी चुकून पाच तास चालू राहिला तरी 0.045 युनिट जळते, आणि मॉड्यूल स्वतः चोवीस तास एखाद्या वॉटच्या आसपास वीज खात बसते. बचतच हवी असेल तर जुने पंखे बदला. साधा पंखा सुमारे 75 वॉट घेतो आणि बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या मोटरचा पंखा, पूर्ण वेगावर 30 वॉटच्या आसपास. आपल्या उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण 20 युनिट वाचतात. फक्त या पंख्याला जुना रेग्युलेटर जोडू नये, आणि रिमोट आईंच्या हाताशी, पलंगाच्या कडेला दोरीने अडकवून ठेवावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हालचाल ओळखून दिवा लावणाऱ्या सेन्सरविषयी थोडेच लिहितो, कारण पुढे कधीतरी तुम्ही तिकडे वळणारच. नेहमीचा पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांच्यातला फरक टिपतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, भिंती अंगाइतक्या तापतात, आणि हा फरक उरत नसल्याने सेन्सर आंधळा होतो. शिवाय स्थिर बसलेला माणूस त्याला दिसतच नाही; बाथरूममध्ये असताना दिवा विझला की घरातली वडीलधारी माणसे काय म्हणतात ते मी लिहीत नाही. रडारवर चालणारे नवे सेन्सर स्थिर माणूस ओळखतात, पण फिरत्या पंख्यालाही माणूस समजतात. जिना आणि पोर्च या जागा पीआयआरला ठीक आहेत, बाथरूम नको.

राहिले कुलूप आणि कॅमेरा, आणि इथे मला जरा सावकाश लिहायचे आहे. डिजिटल कुलूप दार कोणी, किती वाजता उघडले याची नोंद ठेवते. हॉलमधला कॅमेरा कोण आले, कोण बसले, कोण किती वेळ फोनवर बोलले हे दाखवतो. तुमच्या मनात चोराची भीती आहे हे मला मान्य आहे, पण दिवसभर घरात वावरणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने पाहिले तर त्या कॅमेऱ्यासमोर रोज वावरणार आहेत वहिनी, आई आणि मुलगी. चोर कदाचित कधीच येणार नाही. ऑफिसमधून "आज दुपारी कोण आले होते?" एवढा एकच सहज विचारलेला प्रश्न पुरेसा होतो आणि पुढे वर्षभर घरातल्या कोणत्याही नव्या वस्तूकडे संशयानेच पाहिले जाते. म्हणून घराच्या आत, विशेषतः हॉलमध्ये, मी कॅमेरा सुचवत नाही. तो दाराबाहेर किंवा गेटवर असावा, त्याचे चित्र दोघांच्या फोनवर सारखेच दिसावे, आणि तो हवा की नको यावर वहिनींचा नकार अंतिम समजावा. कुलूप घ्यायचेच ठरले तर ज्याला साधी किल्लीही चालते असेच घ्या, ती किल्ली शेजारी किंवा नातेवाइकांकडे ठेवा, सेल उतरू लागल्याची सूचना दोघांना मिळेल हे पाहा, आणि कोणी आत-बाहेर केल्याच्या सूचना तुमच्या फोनवर बंद करून टाका. शाळेतून मुलगी घरी पोहोचल्याची सूचना दोघांनाही हवी असेल, तर तेवढी एक चालू ठेवावी.

तुम्हाला होम असिस्टंटवर प्रयोग करायचे आहेत असेही तुम्ही लिहिले आहे. जरूर करा, घरातली उपकरणे एका जागेवरून चालवण्यासाठी 2013 पासून चालत आलेला हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालतो, आणि इंटरनेट नसताना घरातल्या घरात काम करतो हा त्याचा मोठा गुण आहे. 2022 साली आलेल्या मॅटर मानकाची (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठीच्या मानकाची) उपकरणेही घरातल्या नेटवर्कवरच बोलतात, तेव्हा नवी खरेदी करताना ती खूण पाहून घ्यावी. मात्र तो रास्पबेरी पाय रविवारी तुम्ही उघडून बसलात म्हणून घरातला पंखा बंद पडता कामा नये. तुम्ही कामानिमित्त पुण्याला असताना काही अडले तर वहिनींना कोणता एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडायचा, मोटरचा स्विच कोणत्या बाजूला फिरवायचा आणि कोणाला फोन करायचा, हे मराठीत एका कागदावर लिहून डीबीच्या, म्हणजे एमसीबी असलेल्या पेटीच्या, झाकणाच्या आत चिकटवा. आमच्या कामात तो कागद लावल्याशिवाय मी काम पुरे झाले असे धरत नाही.

पैशांबद्दल तुम्ही थोडक्यात लिहिले आहे की बल्ब आणि स्पीकर घेताना घरात सांगितले नव्हते. यावर माझ्यासारख्या वायरमनने सल्ला देणे बरोबर दिसणार नाही. एवढेच सुचवतो की पुढच्या कामाचे दरपत्रक आधी वहिनींच्या हातात द्यावे आणि बोलणी त्यांच्यासमोर व्हावीत. अनेकदा अनावश्यक पॉइंट त्याच नेमके खोडतात आणि काम स्वस्तात होते.

एका वेळी एकच गोष्ट बसवा, मध्ये निदान एक-दोनदा वीज आणि इंटरनेट जाऊ द्या, आणि त्यानंतर "हे ठेवायचे की काढायचे" असे विचारा. उत्तर "काढा" आले तर खरोखर काढा. मूळ वायर न तोडता मॉड्यूल बसवले असेल तर ते काढायला फारसा वेळ लागत नाही, आणि काढलेले मॉड्यूल पोर्चच्या दिव्याला वापरता येते. सगळे करूनही स्वयंपाकघरात काहीच नको असे त्या म्हणाल्या, तर स्वयंपाकघर तसेच राहू द्या.

मोटरचे काम आधी घ्यायचे ठरले तर पुढची माहिती कळवा: मोटर किती हॉर्सपॉवरची आहे, हौदात बसवलेली आहे की वर, स्टार्टर पॅनेल आहे का, टाकी आणि बोर्ड यांच्यात वायर ओढायला पाइप टाकलेला आहे का, आणि बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडता का. त्यावरून कॉन्टॅक्टर केवढा लागेल आणि फ्लोट कोठे टांगावेत हे नेमके सांगता येईल.